दुसऱ्याचा कोट

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात एका जॅकेटवरून आठ-दहा दिवस वाद चालला होता. जॅकेट मला हवं होतं, पैसे माझ्या लेखांच्या मानधनातून जायचे होते, तरी मत मात्र प्रत्येकाला होतं. आमच्याकडे बादली आणायची म्हटली तरी असंच होतं. पण या वेळी वाद वाढत गेला तसं माझ्या लक्षात आलं, की प्रश्न आता कापडाचा राहिलेला नाही. तो धर्माचा झाला होता, आणि शेवटी तर तो माझ्याच एका जुन्या वाक्यापाशी येऊन थांबला. ते वाक्य मी कधी काळी भर सभेत, मोठ्या अभिमानानं बोलले होते.

आधी जॅकेटचं सांगते.

मी रोज पहाटे टिळकवाडीतल्या वॅक्सिन डेपोत फिरायला जाते. बेळगावची थंडी काही काश्मीरची नव्हे, पण डिसेंबरात धुकं उतरलं की ती हाडात शिरते. फिरून झालं की तशीच स्कूटरवरून बस्तीत दर्शनाला, तिथून भाजी घेऊन घरी, आणि आठवड्यातून दोनदा जांबोटी रस्त्याला आमचं थोडं रान आहे, तिकडे. म्हणजे अंगावरच्या कपड्याला काटे लागणार, कुंपणाची तार लागणार, दवाची ओल लागणार, खिशात चाव्या, कात्री, बियाण्याच्या पुड्या असणार. गेल्या सहा वर्षांत मी चार जॅकेटं घेतली. एकाची चेन गेली, एकाचं अस्तर फाटलं. एकाचं चकचकीत कापड पहिल्याच दिवशी बाभळीच्या काट्याला अडकून टरकलं आणि आतला पांढरा कापूस बाहेर आला. दोन तर आम्ही रानातल्या बुजगावण्यालाच चढवली. हे म्हणाले, "बुजगावण्याला आलटून पालटून घालायला कोट आहेत, मालकिणीला एक नाही."

मी हसले, पण मनाला ते लागलं. दरवर्षी दशलक्षणात मी पाठशाळेतल्या बायकांपुढे अपरिग्रहावर बोलते. वस्तू कमी बाळगाव्यात, हे सांगायला सोपं आहे. पण वस्तू कमी बाळगायच्या तर त्या टिकणाऱ्या हव्यात, हे मी कधी सांगितलं नव्हतं. सहा वर्षांत चार म्हणजे अपरिग्रह नव्हे. मी ठरवलं, एकच घ्यायचं, पण असं की माझ्यानंतर सुनेला घालता यावं.

बेळगावात मजबूत कपडा म्हटला की पाय आपोआप कॅम्पकडे वळतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून आमच्या गावात आहे. बूट, पट्टे, कॅनव्हासच्या पिशव्या, लोखंडी ट्रंका, कांबळी, असं सगळं मिळणारी दुकानं तिथे आहेत. मी गेले तर दुकानदारानंच आधी बजावलं, "बाई, ठिपक्या-चट्ट्यांचं तेवढं मागू नका." त्याचं बरोबर होतं. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला, हल्लेखोर लष्करी वेशात आले होते. त्यानंतर लष्करानं लोकांना आवाहन केलं होतं, की असले कपडे घालू नका आणि दुकानांनी ते विकू नयेत. १५ जानेवारी २०२२ ला, सैन्यदिनी, नव्या नक्षीचा गणवेश पुढे आला, आणि त्या नक्षीचे हक्कही लष्करानं स्वतःच्या नावावर नोंदवून घेतले. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं, या हेतूनं तसा वेश करणं हा तर पूर्वीपासून गुन्हाच आहे. जुन्या दंडसंहितेत ते कलम १४० होतं, आता भारतीय न्याय संहितेत १६८ आहे.

तेव्हा साधा हिरवट रंग, वर काही चिन्ह नाही, असं जॅकेट मी मागितलं. दुकानदारानं जे काढून दाखवलं, ते लष्करी थाटाचं होतं, लष्कराचं नव्हतं. कापड पातळ, खिसे नुसते दाखवायला शिवलेले, दंडावर गरुडाचा बिल्ला आणि पाठीवर इंग्रजीत 'कमांडो'. तरी घालून बघितलं. आरशात पाहताना माझी मान आपोआप ताठ झाली आणि मला ते आवडलं. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे याचा हिशेब द्यायचा आहे.

बाकी दुकानांत चामड्याचं होतं, तो प्रश्नच नव्हता. एक फुगीर, हलकं, उबदार जॅकेट फार मनात भरलं होतं. आत काय आहे विचारलं तर पोरगा म्हणाला, "बदकाची पिसं, आंटी, एकदम ओरिजनल." मी ते खाली ठेवलं. लग्नाच्या जेवणावळीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून ज्या नेमिनाथांनी वरात अर्ध्यावर सोडली, त्यांच्यापुढे रोज हात जोडायचे आणि अंगावर बदकाची पिसं घेऊन घरी यायचं, हे काही जमणारं नव्हतं.

मुलगा अमेरिकेत, ओहायोत असतो. त्याला फोनवर ही कथा सांगितली तर म्हणाला, "आई, इथे आर्मी सरप्लसची दुकानं असतात. सैन्यानं काढून टाकलेला माल. एम-६५ घेतो तुला." एम-६५ म्हणजे १९६५ सालापासून अमेरिकन सैन्यानं वापरलेलं मैदानी जॅकेट. त्याच्याआधी १९४३ आणि १९५१ च्या नमुन्यांची जॅकेटं होती, त्यातलं हे पुढचं. त्यानं तीन जॅकेटांचे फोटो पाठवले आणि मग आमची रोज रात्री तपासणी सुरू झाली.

माझ्यासारख्या कुणाला घ्यायचं असेल म्हणून सांगते. कापड अर्धं सुती, अर्धं नायलॉन असतं. विणीला घट्ट, काट्याला दाद न देणारं. पुढे चार मोठे खिसे, त्यांना झाकणं आणि टिचबटणं. कॉलरमध्ये चेन असते, ती उघडली की आतून घडी केलेली पातळ टोपी निघते. कंबरेला आतून नाडी. थंडीसाठी गोधडीसारखं टिपलेलं वेगळं अस्तर मिळतं, ते आत बटणांनी लावायचं, ऊन तापलं की काढायचं. मी त्याला प्रत्येक वस्तूचं विचारलं. लोकर नाही, पीस नाही, चामडं नाही, अस्तरसुद्धा कृत्रिम धाग्याचं. मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या परीक्षेत हे पहिलं आलं बघ."

मापाची दोन नावं असतात, एक छातीचं आणि एक उंचीचं. मी पाच फूट एक इंच, म्हणजे दोन्हीकडून सगळ्यात लहान. जुनं घेताना काखेतली शिवण, मनगटाची कड आणि चेन बघायची. बाकी फाटलेलं रफू करता येतं, चेन बदलणं मात्र खर्चाचं काम. बटणं पुरुषी बाजूला असतात, पहिले चार दिवस हात चुकतो. आणि भर पावसात याचा उपयोग नाही. भुरभुर सोसतं, पण बेळगावच्या जुलैत ते भिजून गोणपाटासारखं जड होईल. तिथे रेनकोटच पाहिजे.

जानेवारीत मुलगा आला, जॅकेट घेऊन आला. डांबरगोळ्यांचा वास येत होता. मी दोनदा धुऊन उन्हात टाकलं. डाव्या खिशाच्या वर एक लांबट पट्टी बाकीच्या कापडापेक्षा गडद दिसत होती आणि तिच्या कडेनं सुईची बारीक भोकं होती. मुलगा म्हणाला, तिथे 'यू. एस. आर्मी' लिहिलेलं असतं, आणि उजवीकडे घालणाऱ्याचं आडनाव. दोन्ही पट्ट्या कुणीतरी उसवून काढल्या होत्या. उजव्या कोपराला एक जुनं रफू होतं. हातानं केलेलं, वाकडंतिकडं, पण पक्कं.

सासूबाई पंचाऐंशीच्या आहेत. त्यांनी चष्मा लावून ते रफू पाहिलं आणि म्हणाल्या, "कुणाच्या अंगावरचं आहे गं हे? त्यानं काय काय केलं असेल हे घालून! देवघराच्या खोलीत टांगू नकोस." हे म्हणाले, "आई, कापडाला पाप लागत नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "मग खाटकाची सुरी धुऊन भाजी चिरशील का?"

दोघांचंही खरं होतं, आणि तिथून माझा विचार सुरू झाला.

आपल्याकडे हिंसेचा हिशेब तीन वाटांनी मांडतात. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि केलेल्याला मनानं संमती दिलेली. कृत, कारित, अनुमोदित. पहिली वाट इथे नाहीच. दुसरी बघा. मी हे जॅकेट विकत घेतलं म्हणून कुठल्या सैन्यानं एखादं जॅकेट जास्त शिवलं का? नाही. सैन्य स्वतःच्या गरजेनं शिवतं आणि स्वतःच्या नियमानं काढून टाकतं. आतल्या लेबलावर कंत्राटाचा क्रमांक असतो, त्यातच साल असतं. माझ्या जॅकेटवर १९७८ होतं. माझ्या लहानपणी ते शिवलं गेलं, तेव्हा मला कुणी विचारायला आलं नव्हतं.

आपल्या मुनींच्या हातातली पिंछी मोराच्या पिसांची असते. बदकाचं पीस चालत नाही आणि मोराचं कसं चालतं, असं लहानपणी मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, मोरानं गाळलेलं पीस घेतात, उपटलेलं नाही. ज्यानं टाकलं त्याला ते नको होतं आणि घेणाऱ्यानं ते टाकायला लावलं नाही. सैन्यानं टाकलेलं जॅकेट मला त्या हिशेबानं गाळलेल्या पिसासारखं वाटलं. पाठशाळेतल्या माझ्या एका मैत्रिणीनं लगेच अडवलं, "मग आपोआप मेलेल्या जनावराचं मांस खायला हरकत नाही म्हणशील!" तर तसं नाही. त्याचं उत्तर अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय'मध्ये देऊन ठेवलंय, की मेलेल्या मांसातही सूक्ष्म जीव सतत उपजत असतात, तेव्हा खाण्याच्या क्रियेतच हिंसा आहे. कोट घालण्याच्या क्रियेत तशी नाही. आणि बाजारातलं मांस घेणारा उद्याच्या कत्तलीला पैसे देत असतो. माझे पैसे उद्याच्या लढाईला गेले नाहीत.

उरली तिसरी वाट, अनुमोदनाची. इथे मात्र मला कॅम्पातला तो आरसा आठवला. त्याच ग्रंथात आचार्यांनी हिंसेचं मूळ मनात दाखवलं आहे, राग-द्वेष उठणं हीच हिंसा आणि ते न उठणं ही अहिंसा. तेव्हा त्या आरशात माझी मान कशानं ताठ झाली होती? त्या पातळ कापडात ना ऊब होती ना मजबुती. 'कमांडो' या शब्दाची ती ताठ होती. आपल्याला पाहून कुणी जरा दबकेल, ही ती मौज होती. ते जॅकेट कुठल्याही लढाईत गेलेलं नव्हतं, गरुडासकट बिचारं कोऱ्या कारखान्यातून आलेलं होतं. पण ते शिवलंच होतं अशा मौजेसाठी, आणि मी घेतलं असतं तर दुकानदारानं तसंच आणखी एक मागवलं असतं. म्हणजे हिशेब उलटाच निघाला. खऱ्या लष्करी कोटापेक्षा खोटा कोट मला जास्त दोषाचा वाटला.

इथपर्यंत मी आले आणि समाधान पावले. जॅकेट देवघराच्या खोलीत टांगलं नाही, सासूबाईंचा मान राखून जिन्याखाली खिळा मारला. सकाळी अंगात घालून निघाले. एवढ्यावर थांबले असते तर हा लेख इथेच संपला असता, आणि पाठशाळेत वाचून टाळ्याही मिळाल्या असत्या.

आमच्या गल्लीत तीन घरं सोडून अक्का राहतात. मराठा घर, पंचवीस वर्षांचा शेजार. त्यांचे यजमान पलटणीत हवालदार होते. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना गेली, तेव्हा त्यांना जावं लागलं. परत आले ते गप्प झाले, असं अक्का सांगतात. फाटकाची कडी वाजली तरी दचकून उठायचे. त्यांना जाऊन आता बारा-तेरा वर्षं झाली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी अक्का मला फाटकाशी भेटल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग बाहीला हात लावून कापड चिमटीत धरून पाहिलं, जसं आपण साडीचा पोत बघतो.

"कुठलं गं हे?"

"अमेरिकेचं, अक्का. तिथल्या सैन्याचं जुनं. मुलानं आणलं."

"अस्सं. ह्यांच्या पारक्याचं कापडबी असंच. ट्रंकेत हाय अजून." थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "तुमच्यात पलटणीत जात न्हाईत न्हवं? तूच बोललीस की त्या दिशी. मग पलटणीचा कोट कसा चालला तुला?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. खरंच विचारल्यासारखं विचारलं आणि दुधाची पिशवी घेऊन आत गेल्या.

तो 'दिस' मला चांगला आठवत होता. तीन वर्षांपूर्वीची महावीर जयंती. कार्यक्रम सगळ्यांना खुला होता, अक्का केवळ माझं भाषण आहे म्हणून आल्या होत्या, तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मी म्हणाले होते, "आमच्या घरातली मुलं हातात बंदूक धरत नाहीत, याचा मला अभिमान आहे." टाळ्या पडल्या होत्या. अक्का प्रसादाला थांबल्या नव्हत्या. घरी काही काम असेल, असं मी तेव्हा समजले. समजले म्हणजे तसं समजून घेणं मला सोयीचं होतं.

त्या रात्री झोप लागेना. कृत-कारित-अनुमोदिताचं माझं गणित बरोबर होतं, पण ते मी जॅकेटपुरतंच मांडलं होतं. तेच गणित माझ्या रोजच्या जगण्याला लावलं तर? हातात बंदूक न धरणारी आमची मुलं रात्री निर्धास्त झोपतात. त्यांच्यासाठी कुणीतरी ती धरून उभा असतो. ते आम्ही करत नाही, पण ते व्हावं असं आम्हाला वाटतं, त्यासाठी कर भरतो, सीमेवर काही झालं की टीव्हीपुढे बसून 'चांगली अद्दल घडवली' असंही म्हणतो. मग कारित कुठे संपलं आणि अनुमोदन कुठे सुरू झालं? माझ्या अंगावर कुणाचा तरी कोट होताच. १९७८ सालचं जॅकेट येण्याच्या कितीतरी आधीपासून होता, फक्त तो दिसत नव्हता.

ज्या वॅक्सिन डेपोत मी रोज फिरते, तिथे एके काळी देवीची लस बनायची. ती लस त्या काळी वासरांच्या कातडीवर वाढवत. आमच्या आजी-आजोबांच्या दंडावर त्या लसीचे वण होते, जैन दंडांवरही. त्यांना कुणी दोष देणार नाही, मीही देत नाही. पण मुकी वासरं सोसत होती म्हणून आपण वाचलो, हे निदान ठाऊक असावं. मी तिथे वर्षानुवर्षं फिरले आणि मला ते कधी सुचलं नाही.

आमच्या शास्त्रात यावर काहीच नाही असं नाही. हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. जाणूनबुजून ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, उपजीविकेत होणारी उद्योगी, आणि स्वतःच्या, आश्रितांच्या, देशाच्या रक्षणासाठी नाइलाजानं करावी लागणारी विरोधी. मुनी चारही सोडतात. गृहस्थाला पहिली पूर्ण सोडायची असते, बाकीच्या तीन जमेल तितक्या कमी करायच्या असतात. म्हणजे अक्कांच्या यजमानांनी जे केलं, ते आमच्या शास्त्रानं गृहस्थाला वर्ज्य केलेलं नाही. मी सभेत ज्याचा अभिमान सांगितला, ते मुळात आमच्या धर्माचं वैशिष्ट्यच नव्हतं. आणि ते खरंही नव्हतं, कारण सैन्यात जैन मुलं आजही आहेत. मुनींच्या व्रताची थोरवी मी आमच्या व्यापारी घरांच्या सोयीला चिकटवून दिली होती.

श्रवणबेळगोळच्या बाहुबलींपुढे आपण सगळे नतमस्तक होतो. सुमारे सत्तावन्न फुटांची ती मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस उभी केली चामुंडरायांनी. ते गंग राजांचे मंत्री आणि सेनापती होते, लढाया जिंकलेले. एका सेनापतीनं उभी केलेली मूर्ती कुणाची, तर जिंकलेलं राज्य सोडून, अंगावरचं वस्त्रही सोडून उभ्या राहिलेल्या माणसाची. आणि त्या बाहुबलींची गोष्ट तरी काय आहे? दोन भावांची सैन्यं समोरासमोर उभी होती. भांडण दोघांचं आहे, त्यासाठी हजारो का मरावेत, असं म्हणून भरत आणि बाहुबली एकटेच लढले. दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. लहानपणापासून मी ही गोष्ट बाहुबलींच्या वैराग्यासाठी ऐकली आणि सांगितली. त्या दिवशी पहिल्यांदा मला मागे उभं असलेलं सैन्य दिसलं. त्या हजारो माणसांच्या घरी त्या रात्री काय वाटलं असेल!

पुढच्या रविवारी मी किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेले. १२०४ सालची ती बस्ती, आत नेमिनाथांची काळ्या दगडाची मूर्ती, वर छतात दगडाचं उमललेलं कमळ. आत गेलं की इतकं शांत वाटतं, की आपण गावात आहोत हे विसरायला होतं. पण तिथे पोचायला किल्ल्याचा खंदक ओलांडावा लागतो, दरवाज्यातून आत शिरावं लागतं आणि लष्कराच्या हद्दीतून जावं लागतं. पन्नास वर्षं मी त्या वाटेनं जाते आहे. ती शांतता तटाच्या आतली आहे, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

कुणी असं समजू नये, की मी आता अहिंसा सोडून युद्धाची बाजू घेतली. तसं मुळीच नाही. ज्या जॅकेटची ही गोष्ट आहे, त्याच नमुन्याची जॅकेटं घालून व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक युद्धाच्या विरोधात मोर्चांत उतरले होते. एप्रिल १९७१ मध्ये वॉशिंग्टनला त्यांनी आपली पदकं संसदेच्या पायऱ्यांकडे फेकून दिली. युद्ध नको, हे म्हणण्याचा त्यांचा अधिकार माझ्यापेक्षा मोठा होता, कारण त्यांनी ते अंगावर घेतलेलं होतं. मलाही युद्ध नको आहे. पण 'युद्ध नको' म्हणणं वेगळं आणि 'ते आम्ही करत नाही, ते लोक करतात' म्हणणं वेगळं. पहिल्यात करुणा आहे, दुसऱ्यात नुसता सोवळेपणा. माझी अहिंसा बऱ्याच वर्षांत दुसऱ्या वाक्यापाशी येऊन बसली होती, आणि ते मला कुठल्या महाराजांनी दाखवलं नाही, दूध घ्यायला आलेल्या शेजारणीनं दाखवलं.

लेबलावरचं १९७८ पाहिलं तेव्हा मुलगा म्हणाला होता, "व्हिएतनाम १९७५ लाच संपलं, आई. म्हणजे हे तिकडे गेलेलं नाही." मला फार बरं वाटलं होतं. आता विचार करते, बरं कशाचं वाटलं? माझा कोट तिथे गेला नाही, म्हणजे दुसरा कुणाचा तरी गेला. आणि ते कोपराचं वाकडं रफू? त्या पोराला शिवणकाम येत नव्हतं एवढं त्यावरून कळतं. ते त्यानं कुठे बसून केलं, काट्यानं फाटलं होतं की कशानं, हे कळायला मार्ग नाही. मी ते उसवून नीट करणार होते. नाही केलं.

मग एका संध्याकाळी अक्कांकडे गेले. त्या सभेतलं बोलले ते चुकलं, म्हणून सांगितलं. माफीचं बोलताना शब्द नीट लागत नाहीत, तसंच झालं. अक्कांनी हातानंच राहू दे म्हटलं, चहा केला. रात्रीचं खात नाही म्हणून बिस्किटं दिली नाहीत, इतकं माझं व्रत त्यांना ठाऊक होतं. मग आपणहून ट्रंक उघडली. वर शालू, खाली कागदपत्रं, त्याखाली तो पारका. मी विचारलं, "अक्का, थंडीचं तुम्ही का वापरत नाही? इतकं चांगलं कापड आहे."

"मला कसं हुईल ते," त्या म्हणाल्या आणि झाकण लावलं.

माझं त्यावर काही बोलणं झालं नाही. परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूवरची मूर्च्छा, असं मी दरवर्षी शिकवते. त्या ट्रंकेपुढे ते शिकवायची मला हिंमत नव्हती, आणि मला वाटतं, ते योग्यही झालं नसतं.

जॅकेट मी वापरते आहे. मजबूत आहे, खिसे कामाचे आहेत, तारेला दोनदा अडकून ओरखडासुद्धा उठलेला नाही. फिकट पडलं आहे, तसं ती नावाची गडद पट्टी आणखी उठून दिसते. सासूबाई अजून त्याला हात लावत नाहीत. मी त्यांना समजवायला जात नाही, कारण खाटकाच्या सुरीच्या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून पुरतं सापडलेलं नाही. वस्तू निर्दोष असते असं शास्त्र म्हणतं आणि मला ते पटतं. तरी पहाटे ते अंगात चढवताना मी क्षणभर थांबते. ते थांबणं सुटू नये, एवढं मला वाटतं.

या वर्षीच्या महावीर जयंतीला पुन्हा बोलायला बोलावलं होतं. जुनं भाषण काढलं, ते वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, की आपल्या घरातली मुलं बंदूक धरत नसतील तर ती कुणाच्या तरी मुलानं धरलेली आहे, आणि ती त्याच्या हातून खाली ठेवता यावी असं जग करणं हे आपलं व्रत आहे. अभिमानाचं त्यात काही नाही. त्या वाक्याला टाळ्या पडल्या नाहीत. अक्कांना मी बोलावलं होतं. नातवाची परीक्षा आहे म्हणाल्या, आल्या नाहीत.